दुपारचा अर्धा तास आणि एक डाव



दुपारचे दोन वाजलेत. कुणाची भांडी अजून व्हायची असतील, कुणी शेळ्यांना पाला टाकून नुकती टेकली असेल, कुणी बांधावर बसून मोबाईलवरच हा रेडिओ लावला असेल. आम्ही माण आणि आटपाडीच्या शिवेवरच्या बचत गटातल्या सोळाजणी. निम्म्या सातारा जिल्ह्यातल्या, निम्म्या सांगलीतल्या. मधे एक ओढा आहे. तो ओलांडला की जिल्हा बदलतो, सासूची बोलायची तऱ्हा काही बदलत नाही. वाचतेय एकजण, पण मजकूर सगळ्यांनी मिळून जुळवलाय, म्हणून आज 'आम्ही' बोलणार.

विषय ऐकून हसू नका. मोबाईलवरचे गेम. पोरांचे नव्हे, आमचे. आमच्यातल्या अकराजणी खेळतात. सुरुवातीला मीटिंगमध्ये विचारलं तेव्हा तिघींनीच हात वर केले होते. बाकीच्या म्हणाल्या, "आम्ही नाही बाई, ते पोरगं खेळतं." मग हळूहळू एकेक कबूल झाली. ही लाज कसली, ते आधी बोलू.

पालीच्या खंडोबाला आपण पौषात जातो. खंडोबा-म्हाळसेचं लगीन बघतो, भंडारा उधळतो. जागरणात वाघ्या-मुरळीकडून ती गोष्ट ऐकली असेलच. देव म्हाळसाबाईशी सारीपाट खेळायला बसले, डाव हरले, आणि पैजेप्रमाणं बारा वर्षं घर सोडून बाणाईच्या वाड्यावर मेंढरं राखायला गेले. गावोगाव सांगताना फरक पडतो, पण डाव म्हाळसा जिंकली हे सगळीकडं तेच. (जिंकली म्हाळसा आणि फायदा झाला बाणाईचा, असं आमच्यातली एक म्हणते. ते असो.) सांगायचं हे, की देवी सोंगट्या घेऊन बसली तर ती लीला. पारावर गडीमाणसं सकाळपासून पत्ते पिसत बसली तर ती करमणूक. आणि आम्ही दुपारी अर्धा तास मोबाईल हातात धरला, तर "हिला काय कामधंदा नाही का?"

तेव्हा आज आम्ही काय खेळतो, त्यातलं काय चांगलं, काय वाईट, ते खेळणारणीच्या तोंडून सांगतो. आणि एक गोष्ट सांगायची आहे ती आमच्या गटातली आहे, जरा अवघड आहे. ती मागनं सांगतो.

सगळ्यात आधी आला तो गोळ्यांचा खेळ. कँडी क्रश. २०१२ सालापासून तो जगभर खेळला जातोय. एका रंगाच्या तीन गोळ्या ओळीत आणायच्या की त्या फुटतात, वरनं नव्या पडतात. शिकायला दोन मिनिटं लागतात. रंग छान, आवाज गोड, जिंकलं की फोन आपलं कौतुक करतो. आमच्यातली एक सरळच म्हणाली, "दिवसभरात माझं कौतुक करणारं घरात दुसरं कोणी नाही." हसलो सगळ्या, पण खोटं नाही ते.

पण त्याची मेख ऐका. खेळात पाच जीव असतात. हरलं की एक जातो, आणि गेलेला एक जीव परत यायला अर्धा तास लागतो. पाचही गेले की थांबा, नाहीतर पैसे टाका. शिवाय चाली मोजून दिलेल्या. शेवटची चाल संपते तेव्हा बघा, एकदोनच गोळ्या राहिलेल्या असतात, आणि लगेच फोन विचारतो, सोन्याच्या विटा देऊन पाच चाली जादा घेणार का? ही वीट म्हणजे पैसा. आमचं मत असं, की यात डोकं लागतं पण अर्धंच. वरनं कुठला रंग पडणार ते आपल्या हातात नाही. पाऊस पडेल म्हणून पेरणी करावी तसलं. आम्ही मात्र त्या पाच जीवांचा उलटा उपयोग काढलाय. जीव संपले की उठायचं. घड्याळ बघायलाच नको, खेळच आपल्याला उठवतो. पैसे मात्र एक रुपयाही टाकायचे नाहीत.

दुसरा खेळ नळ्यांचा. नाव वेगवेगळं असतं, खेळ एकच. काचेच्या नळ्यांत रंगीत पाण्याचे चार चार थर, सगळे मिसळलेले. प्रत्येक नळीत एकच रंग येईल असं ओतत जायचं. नियम एवढाच, की एक रंग त्याच रंगावर ओतता येतो, नाहीतर रिकाम्या नळीत. हा आमचा लाडका आहे, आणि कारण सांगितलं तर पुण्या-मुंबईच्या बायकांना कळायचं नाही. टेंभूचं पाणी यायच्या आधी आमच्याकडं टँकर यायचा. पिण्याचं एका हंड्यात, भांड्याचं दुसऱ्यात, जनावरांचं टिपात, आणि धुण्याचं उरलेलं पाणी परत झाडाला. कुठलं भांडं आधी मोकळं करायचं, हे ज्या बाईला कळायचं तिचं पाणी पुरायचं. या खेळातही रिकामी नळी हीच दौलत. नवीन खेळणारी पहिल्याच फटक्यात रिकामी नळी भरून टाकते आणि अडकते. आमच्या थोरल्या काकूंनी पहिल्या दिवशी ओळीनं चौदा डाव सोडवले. त्यांचं वय बासष्ट, शिक्षण दुसरी. नातू बारावीला, तो चौथ्या डावात अडकला होता. काकू म्हणाल्या, "तुम्ही नळाची तोटी फिरवून मोठी झालेली पोरं, तुम्हाला काय जमायचं?" दोष एकच. दर डावानंतर जाहिरात लागते. आम्ही डेटा बंद करून खेळतो, मग तिचा त्रास होत नाही.

आता सुडोकू. हा पेपरातही रोज येतो, आणि बायका तो बघून पान उलटतात, कारण आकडे दिसतात आणि गणित वाटतं. मैत्रिणींनो, यात बेरीज नाही, वजाबाकी नाही, काही नाही. नऊ बाय नऊ अशी एक्याऐंशी घरं. प्रत्येक आडव्या ओळीत, प्रत्येक उभ्या ओळीत आणि तीन बाय तीनच्या प्रत्येक चौकटीत एक ते नऊ हे आकडे एकेकदाच यायला पाहिजेत. आकड्यांच्या जागी नऊ फुलं असती तरी चाललं असतं. नाव जपानी आहे, पण आत्ताच्या रूपातला खेळ पहिल्यांदा १९७९ साली अमेरिकेतल्या एका कोड्यांच्या मासिकात छापला गेला. जपानात तो १९८४ नंतर रुजला आणि तिथनं सगळीकडं गेला. आणखी एक गंमत. कोडं देताना काही घरं भरून देतात, ती निदान सतरा तरी लागतात. त्याहून कमी दिली तर एकच एक उत्तर येणारं कोडं होतच नाही. हे २०१२ मध्ये आयर्लंडच्या गणितज्ञांनी संगणकाला जुंपून सिद्ध केलं. म्हणजे बघा, जो खेळ आपण शेंगा फोडता फोडता खेळतो, त्यावर एवढी मोठी माणसं डोकं खपवतात.

आमच्या गटात चौघींना आकडे पटकन वाचता येत नाहीत. त्यांच्यासाठी आम्ही अंगणात खडूनं चार बाय चार घरं आखली आणि चार धान्यं घेतली. ज्वारी, हरभरा, मूग आणि शेंगदाणा. नियम तोच. आडव्या ओळीत चारही धान्यं, उभ्या ओळीत चारही, आणि दोन बाय दोनच्या चौकटीत चारही, कुठलंच दोनदा नाही. तुम्हीही करून बघा. समजा पहिल्या ओळीत डावीकडं ज्वारी आणि हरभरा ठेवलाय. मग उरली दोन घरं, आणि उरले मूग आणि शेंगदाणा. कुठं काय? आता तिसऱ्या उभ्या ओळीत खाली बघा. तिथं आधीच मूग पडलाय. म्हणजे वरच्या तिसऱ्या घरात मूग बसायचा नाही, तिथं शेंगदाणाच, आणि मूग चौथ्या घरात. अंदाज नाही, नशीब नाही. 'असं आहे, म्हणून तसं नाही' एवढंच. मोबाईलवरच्या सगळ्या खेळांत आम्ही याला पहिला नंबर देतो. हा खेळ खोटं बोलत नाही, घाई करत नाही, आणि सुटला की संपतो. एक अडचण आली ती कोंबड्यांची. त्यांनी दोनदा अर्धा डाव टिपून खाल्ला. आता बाटल्यांची झाकणं घेतो.

पडत्या विटांच्या खेळाबद्दल थोडक्यात. जत्रेत हातातलं छोटं यंत्र मिळायचं, आठवतंय? १९८४ साली मॉस्कोत अलेक्सी पाजितनोव नावाच्या माणसानं तो बनवला. खेळ उत्तम, पण त्याला शेवट नाही, वेग वाढत जातो आणि आपण हरतो तेव्हाच थांबतो. ज्यांची चुलीवर डाळ आहे त्यांनी तो खेळू नये. अनुभवानं सांगतोय.

लुडोचं काय सांगायचं! लॉकडाऊनमध्ये घरोघर लुडो किंग पोचला. तो नवी मुंबईतल्या कंपनीनं २०१६ मध्ये काढला, म्हणजे आपल्याच राज्यातला. मूळ खेळ तर आपलाच, पचिशीचा. इंग्रजांनी तो उचलला, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्याला लुडो नाव दिलं, आणि आता तो फोनमधनं परत आला. यातली बरी गोष्ट ही, की एकाच फोनवर चौघी बसून खेळता येतं, इंटरनेट लागत नाही. सासू-सून एका बाजूला बसून नणंदेची सोंगटी मारतात, असलं दृश्य आम्ही पाहिलंय. वाईट एवढंच, की फासा आपल्या हातनं पडत नाही. कवड्या हातात घोळवून फेकायची मजा नाही, आणि हरणारी म्हणते फोन लबाडी करतो. दर वेळी म्हणते.

आणि वाघ-बकरी. हा खेळ आमच्याकडं धनगर मेंढरं चारताना कातळावर रेघा ओढून खेळतात. वाघ किती, बकऱ्या किती, ते गावागावात वेगळं. वाघ थोडे, बकऱ्या पुष्कळ. वाघ बकरीवरनं उडी मारून तिला खातो, पण तिच्या मागचं घर रिकामं असेल तरच. मागं दुसरी बकरी उभी असली की वाघाला उडी मारता येत नाही. बकऱ्यांनी त्याला सगळीकडनं कोंडला की वाघ हरला. मोबाईलवर असा खेळ मिळतो, फोन वाघ होतो आणि आपण बकऱ्या. आमचं एकमत आहे, की यात बकऱ्या घेऊन खेळण्यातच खरी मजा आहे. वाघ काय, भूक लागली की उडी मारतो. बकरीला मात्र चार चाली पुढचं बघावं लागतं.

बुद्धिबळ आमच्यात दोघीच खेळतात, त्याही लेकींकडनं शिकल्या. पण सांगलीकरणींना हे सांगायलाच पाहिजे. सांगली हे बुद्धिबळाचं गाव आहे. भाऊसाहेब पडसलगीकरांनी तिथं नूतन बुद्धिबळ मंडळ उभं केलं, आयुष्यभर पोरापोरींना शिकवलं. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या भाग्यश्री साठे, पुढं भाग्यश्री ठिपसे, पाच वेळा महिलांच्या राष्ट्रीय विजेत्या झाल्या आणि १९९१ मध्ये आशियाच्या विजेत्या. आणि २०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखनं एकोणिसाव्या वर्षी महिलांचा विश्वचषक जिंकला. त्या दिवशी आमच्या शाळेतल्या पोरींनी मास्तरांकडं पट मागितला. शाळेत पट होता, त्यात दोन प्यादी कमी होती. दोन चिंचोके ठेवून खेळल्या.

आता ती अवघड गोष्ट.

आमच्या सचिव आहेत, गटातल्या सगळ्यात हुशार. हिशेब तोंडपाठ. ही गोष्ट सांगायला त्यांनीच परवानगी दिली, नाव मात्र नको म्हणाल्या. नवा कायदा व्हायच्या आधीची गोष्ट. त्यांना फोनवर पत्त्यांच्या एका खेळाची जाहिरात दिसली. सुरुवातीला पन्नास रुपये फुकट मिळाले. त्यावर खेळल्या, एकशेवीस झाले. दुसऱ्या दिवशी तीनशे. पैसे खरोखर खात्यावर आले, म्हणून विश्वास बसला. त्या महिन्यात बँकेला सुट्ट्या लागून आल्या, म्हणून गटाचा कर्जाचा हप्ता त्यांनी स्वतःच्या खात्यावर ठेवला होता. सोळाजणींचे चारशे-चारशे, सहा हजार चारशे रुपये. चार रात्रींत सगळे गेले. हरलेले परत मिळवायला आणखी लावत गेल्या. मोबाईलवर रात्री पत्ते वाटणारा कधी दमत नाही, आणि समोर कोण बसलंय ते दिसत नाही.

दहा तारखेला त्या मीटिंगला आल्या आणि बसायच्या आधीच सांगून टाकलं. रडल्या नाहीत. आम्हीच रडलो.

पैशाचा प्रश्न दोन तासांत सुटला. गटाच्या बचतीतनं बँकेचा हप्ता भरला, आणि ते सहा हजार चारशे त्यांच्या नावावर अंतर्गत कर्ज म्हणून लिहिले. महिन्याला आठशेप्रमाणं आठ महिने, दुधाच्या बिलातनं. व्याज इतरांना लावतो तेच, शेकडा एक. कमी नाही आणि जास्तही नाही. यावर भांडण झालं, कारण दोघींचं म्हणणं होतं दंड लावा. पण पोरीच्या दवाखान्याला कर्ज काढणारीला आणि हिला वेगळा दर लावायला लागलो, तर उद्या प्रत्येकीच्या कर्जाचं कारण तपासत बसावं लागेल. म्हणून एकच दर. त्या दिवसापासनं पैसे मोजायला दोघी आणि बँकेत भरायलाही दोघी जातात. पैसे कुणाच्या एकटीच्या खात्यावर ठेवत नाही. हा नियम आधीच पाहिजे होता. ती चूक आमची सगळ्यांची.

खरा प्रश्न पुढं आला. बातमी फुटली. सचिवबाईंच्या मालकांनी फोन काढून घेतला. आठवड्याभरात वाडीतल्या आणखी तिघींचे फोन गेले, ज्यांचा या प्रकाराशी काही संबंध नव्हता. "आम्ही सांगतच होतो" असं सगळीकडं सुरू झालं. आता त्या फोनवर काय होतं? डेअरीचं बिल येत होतं. लाडक्या बहिणीचे पैसे जमा झाल्याचा मेसेज येत होता. पोरीच्या शाळेचा ग्रुप, पावसाचा अंदाज, माहेरचा आवाज, सगळं त्यातच. एका बाईनं पत्ते खेळले, आणि चार घरांतल्या बायकांच्या हातनं एवढं सगळं गेलं.

थोरल्या काकू आमच्यातल्या आठजणींना घेऊन पारावर गेल्या. गडीमाणसांचा डाव रंगात आला होता. काकू म्हणाल्या, "दादांनो, ज्या खेळात पैसे लावतात तो वाईट, हे आम्हाला मान्य आहे. आधी हे पत्ते उचला, मग बायकांचे फोन ठेवून घ्या." कुणी काही बोललं नाही. एकानं पैसे हळूच खिशात घातले, ते आम्ही पाहिलं. दोन फोन त्याच संध्याकाळी परत मिळाले, तिसरा पंधरा दिवसांनी. सचिवबाईंचा फोन मिळायला तीन महिने लागले, आणि त्याही काळात त्यांनी गटाचं दप्तर सोडलं नाही.

पुढं २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं कायदा केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, मग तो नशिबाचा असो नाहीतर डोक्याचा. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण "तू खेळलीस, आता तुला पोलीस धरतील" असं भिऊन बायका गप्प बसतात. फसवणूक झाली असेल तर १९३० या नंबरवर लगेच फोन करायचा, जितका लवकर तितका बरा. आणि बंदी आली म्हणून असले खेळ नाहीसे होतात असं समजू नका. कुणी लिंक पाठवेल, कुणी म्हणेल जिंकलेले पैसे घ्यायला पिन टाका. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागतो.

साधे खेळ मात्र बंद नाहीत. गोळ्या, नळ्या, सुडोकू, लुडो, बुद्धिबळ, सगळं खेळता येतं. आमच्या मीटिंगमध्ये आता हिशेब झाला की शेवटची वीस मिनिटं डाव असतो, खडूचा नाहीतर फोनचा. सचिवबाई सुडोकूत सगळ्यांच्या पुढं आहेत. पत्त्यांना हात लावत नाहीत, लग्नघरातही.

जाता जाता एक कोडं. याला फोन लागत नाही, दोन मापं आणि एक कॅन लागतो. काकूंनी आम्हाला घातलंय, नळ्यांच्या खेळाच्या वरताण आहे. आठ लिटरचा कॅन दुधानं काठोकाठ भरलाय. जवळ एक पाच लिटरचं माप आहे आणि एक तीन लिटरचं, दोन्ही रिकामी, मधे कुठं खूण नाही. दोघी जावांना चार-चार लिटर दूध वाटून द्यायचंय. अंदाजानं ओतायचं नाही, थेंब सांडायचा नाही. सात वेळा ओतून होतं. आमच्यातल्या एकीनं आठ वेळा ओतून केलं, तेही बरोबर आहे. दुधावर करू नका, आधी पाण्यावर करून बघा. उत्तर पुढच्या मंगळवारी, याच वेळेला.